खऱ्याचा खर्च कोणी उचलायचा?



खोटी खबर पसरवायला काय लागते? एक मोबाईल, थोडा डेटा आणि अंगठ्याची एक हालचाल. तीच खबर खरी की खोटी हे शोधून काढायला मात्र माणूस लागतो, त्याचा वेळ लागतो, संगणक लागतो, दहा ठिकाणी फोन करावे लागतात, कधी वकीलही लागतो. आणि महिनाअखेरीस त्या माणसाच्या हातात पगार द्यावा लागतो. हा पगार कुठून येतो, हा या महिन्याचा आमचा विषय आहे. ऐकताना तो पत्रकारांचा वाटेल, आपल्या घरापासून लांबचा वाटेल. पण अफवेची किंमत ज्या घरांनी मोजली आहे, त्यांना तो लांबचा वाटणार नाही.

२०१८ सालचा उन्हाळा आठवा. मोटारसायकलवर आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात, असा एक व्हिडिओ गावोगाव फिरत होता. सोबत मजकूर असायचा : मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, बाजाराच्या दिवशी, भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. पोलिसांनी त्यांना सोडवले म्हणून ते वाचले. अफवा कोणत्याही एका कौमची नसते. ती ज्याच्या मोबाईलवर येते, त्याची होते.

आता तो व्हिडिओ कुठला होता ते पाहा. तो कराचीतला होता. तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी मोटारसायकलवाला परत येतो, मुलाला सोडतो आणि सावध करणारा एक फलक दाखवतो. कोणीतरी हा शेवटचा भाग कापला आणि उरलेला तुकडा भारतभर सोडून दिला.

हे आपल्याला कसे कळले? कोणीतरी बसून शोधले म्हणून. व्हिडिओचे एकेक चित्र वेगळे काढायचे, ते इंटरनेटवर उलट शोधायचे, जुनी मूळ प्रत मिळवायची, ती कोणी आणि कशासाठी बनवली ते तपासायचे, स्थानिक पोलिसांना विचारायचे, मग साध्या भाषेत लिहायचे आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचे. एका व्हिडिओला कधी दोन तास लागतात, कधी दोन दिवस. याला फॅक्ट-चेक म्हणतात. आपल्या घरातला शब्द वापरायचा तर तहकीक.

आणि तहकीक आपल्याला नवी नाही. खबर घेऊन कोणी आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, हा हुकूम सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. हदीस गोळा करणाऱ्यांनी तर याचे एक शास्त्रच उभे केले. कोणी कोणाकडून ऐकले, तो माणूस खरे बोलणारा होता का, दोघांची भेट होणे शक्य होते का, अशी कडीला कडी जोडून सनद तपासली जाई. इमाम बुखारी बुखाऱ्याहून निघाले आणि मक्का, मदिना, बसरा, कूफा, बगदाद असे शहरामागून शहर फिरले. त्या प्रवासालाही खर्च होताच. कोणाची वडिलोपार्जित मिळकत कामी आली, कोणी व्यापार केला, कोणाला जाणकारांनी मदत केली. खरे शोधणे कधीच फुकट नव्हते. आज आपल्या मोबाईलवर जे येते त्याच्या माथ्यावर फक्त ‘फॉरवर्डेड’ लिहिलेले असते. म्हणजे सनदच नाही. ती शोधायला कोणीतरी लागतो.

आपल्या वाट्याला आलेले दिवस

एप्रिल २०२० मध्ये काय झाले ते आपल्या कोणत्याही घराला सांगावे लागणार नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि काही दिवसांत ‘कोरोना जिहाद’ हा शब्द टीव्हीवर आणि मोबाईलवर फिरू लागला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. त्याच सुमारास एक व्हिडिओ पसरला : काही मुसलमान ताटे, चमचे चाटत आहेत, आणि दावा असा की ते मुद्दाम रोग पसरवत आहेत. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी तो शोधून काढला. व्हिडिओ २०१८ सालापासून इंटरनेटवर होता, म्हणजे कोरोनाचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हाचा. ती दाऊदी बोहरा समाजाची मंडळी होती आणि ताटात अन्नाचा कणही वाया जाऊ नये, या त्यांच्या रिवाजाप्रमाणे ताटे साफ करत होती.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या कामासाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे अहमदनगर पोलिसांचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा बनवले गेले, आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, असे न्यायालयाने नोंदवले. निकाल आला, अलहम्दुलिल्लाह. पण तो येईपर्यंत चार-पाच महिने गेले होते. तेवढ्या दिवसांत ज्याची हातगाडी मोहल्ल्याबाहेर थांबवली गेली त्याचे नुकसान होऊन गेले होते. फॅक्ट-चेक करणाऱ्यांचे लेख मात्र काही दिवसांत हाती आले होते. शेजाऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, शाळेच्या बाईंना दाखवायला आपल्याकडे तेव्हा तेवढेच होते. कोर्ट न्याय देते, पण वेळ घेते. दंगा आणि बहिष्कार वेळ घेत नाहीत. मधल्या दिवसांत जो कागद हाती लागतो, तो या लोकांनी लिहिलेला असतो.

म्हणून प्रश्न पडतो : हे लोक जगतात कशावर?

पैसा कुठून येतो

यातला सर्वात मोठा वाटा आजवर एका कंपनीकडून आला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ज्या मेटा कंपनीचे आहेत, तिने डिसेंबर २०१६ मध्ये बाहेरच्या संस्थांना पैसे देऊन फॅक्ट-चेक करून घ्यायला सुरुवात केली. भारतात हे काम २०१८ साली, कर्नाटकच्या निवडणुकीच्या वेळी, मुंबईच्या बूम या संस्थेपासून सुरू झाले. पुढे यादी वाढत गेली आणि भारत या कंपनीच्या सर्वात जास्त भागीदार संस्था असलेला देश बनला. संस्थेने एखादी पोस्ट खोटी ठरवली की फेसबुक तिच्यावर तशी सूचना लावते आणि ती कमी लोकांना दाखवते. या कामाचे संस्थेला पैसे मिळतात.

मराठीत नियमाने फॅक्ट-चेक देणारी नावे मोजकी आहेत : फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज. तिन्ही मेटाच्या भागीदार यादीत राहिल्या आहेत. म्हणजे आपल्या भाषेतल्या या कामाचा मोठा आधार परदेशातल्या एका कंपनीच्या मर्जीवर आहे.

मर्जी कशी फिरते ते ७ जानेवारी २०२५ रोजी दिसले. मेटाचे मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून फॅक्ट-चेक करून घेणे आम्ही बंद करत आहोत. त्याऐवजी ‘कम्युनिटी नोट्स’, म्हणजे वापरणाऱ्या लोकांनीच पोस्टखाली टिपा लिहायच्या. हा निर्णय अमेरिकेपुरता होता. पण जगभरातल्या छोट्या संस्थांच्या पायाखालची जमीन त्या एका दिवसात हलली, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या उत्पन्नाचा सर्वात मोठा वाटा याच कंपनीकडून येत होता. लोकांनी टिपा लिहिणे वाईट नाही. पण टीप तेव्हाच दिसते, जेव्हा एरवी एकमेकांशी न पटणारे लोक तिच्यावर सहमत होतात. ज्या विषयावर समाजच दुभंगलेला आहे, तिथे अशी सहमती कधी होणार? आणि टीप लिहिणारा पुरावा म्हणून अनेकदा फॅक्ट-चेक करणाऱ्यांचाच लेख जोडतो. विहीर बुजवून घागरी वाटण्यासारखे हे आहे.

कंपनीच्या पैशाला आणखी एक गाठ असते. कंपनी पैसे देते तेव्हा काय तपासायचे याची चौकटही तीच ठरवते. राजकीय नेत्यांची स्वतःची विधाने मेटाने या व्यवस्थेतून आधीपासूनच वगळलेली आहेत. आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश कंपनीला स्वतःलाच वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे सूचना लावण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या घरात सर्वात जास्त अफवा येतात त्या नेमक्या व्हॉट्सॲपवरून.

दुसरा स्रोत मोठ्या देणग्यांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगल आणि यूट्यूबने जगभरातल्या फॅक्ट-चेक संस्थांसाठी १ कोटी ३२ लाख डॉलरचा निधी जाहीर केला. रक्कम मोठी दिसते, पण ती ६५ देशांतल्या १३५ संस्थांसाठी होती आणि पुन्हा एका कंपनीच्याच खिशातून आलेली होती. अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतीवर ज्या देशांतल्या संस्था चालत होत्या, त्यांची मदत जानेवारी २०२५ मध्ये थांबली आणि कित्येकांना माणसे कमी करावी लागली. आपल्या देशात तर बातम्या आणि चालू घडामोडींचे काम करणाऱ्यांना परदेशी देणगी घेण्यास एफसीआरए कायद्याने बंदीच आहे. म्हणजे दाणा-पाणी देशातच शोधले पाहिजे.

सरकारने हे काम करावे का?

मग कोणी म्हणेल, सरकारनेच करावे. पैसा त्याच्याकडे आहे, यंत्रणा आहे. या प्रश्नाचा निकाल आपल्याच मुंबईत लागला आहे आणि तो प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवर जे लिहिले जाते, त्यातले खोटे किंवा दिशाभूल करणारे काय हे सरकारचाच एक फॅक्ट-चेक कक्ष ठरवणार होता. त्याने शिक्का मारलेला मजकूर कंपनीने ठेवला तर तिला कायद्याचे संरक्षण गमवावे लागले असते. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि मासिकांची संघटना हे सारे मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांचे मत एकमेकांविरुद्ध गेले. २० मार्चला सरकारने पत्र सूचना कार्यालयाचा कक्ष यासाठी नेमला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

सरकारला आपली बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे. ‘ही योजना आमची नाही, ही नोकरभरतीची जाहिरात बनावट आहे’ असे पत्र सूचना कार्यालय आजही सांगते आणि ते उपयोगी पडते. पण ज्याच्या कारभाराची तपासणी करायची, त्यालाच एकट्याला तपासनीस नेमले तर त्याला तपासणी म्हणत नाहीत. मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब ट्रस्टींनी स्वतःच तपासला आणि स्वतःच सही केली, तर जुम्माच्या नमाजीनंतर किती जण गप्प बसतील? तोच कायदा इथे.

उरतो तो तुमचा-आमचा पैसा

कंपनीच्या पैशाला कंपनीची दोरी, सरकारच्या पैशाला सरकारची, एकाच मोठ्या शेठच्या पैशाला त्या शेठची. पैसा हवाच, आणि देणारा असला की दोरी असणारच. यातून सुटायचा एकच मार्ग दिसतो : देणारे इतके असावेत की कोणा एकाची दोरी ओढली गेली तरी काम पडू नये. हजार घरांनी पन्नास-पन्नास रुपये दिले तर कोणतेही एक घर उठून सांगू शकत नाही की अमुक बातमी छापा, तमुक दाबा.

याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. प्रतीक सिन्हा आणि मोहम्मद जुबेर या दोघांनी २०१७ साली सुरू केलेली ऑल्ट न्यूज ही संस्था मुख्यतः वाचकांच्या देणग्यांवर चालते. २७ जून २०२२ रोजी जुबेर यांना चार वर्षांपूर्वीच्या एका ट्वीटवरून अटक झाली. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जामिनावर सुटका केली. त्या दिवसांत संस्थेला परदेशातून पैसा येतो असा आरोप झाला. आपण फक्त भारतीय बँक खात्यांतूनच देणग्या घेतो, असे संस्थेने सांगितले. देणगीदारांची माहिती तपास यंत्रणेला दिली गेल्याचेही तेव्हा समोर आले.

इथे आपल्या घरात एक भीती उभी राहते आणि तिच्याबद्दल उघड बोलले पाहिजे. ‘देऊ तर खरे, पण उद्या आपले नाव कुठे आले तर? मुलाला नोकरी लागायची आहे, पासपोर्ट काढायचा आहे.’ ही भीती खोटी नाही आणि ती बाळगणाऱ्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. एवढेच सांगू की भारतातल्या नोंदणीकृत संस्थेला आपल्या कमाईतून, आपल्या बँक खात्यातून, पावती घेऊन दिलेली देणगी हा गुन्हा नाही. रोख देऊ नका, दुसऱ्याच्या नावाने देऊ नका, पावती फाईलला लावून ठेवा. आणि देणारे शंभर असतील तर शंभरांकडे बोट दाखवता येते. लाख असतील तर कोणाकडे दाखवणार? भीती कमी करायची तर गर्दी वाढवली पाहिजे.

आखातात असलेल्या आपल्या भावांसाठी एक गोष्ट. कोकणातल्या कितीतरी घरांचा खर्च कतार, कुवेत, दुबईवरून येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम एफसीआरएच्या अर्थाने परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची मात्र ठरते, मग तो जन्माने रत्नागिरीचा का असेना. म्हणून सोपा मार्ग हाच की घरच्यांनी भारतातल्या खात्यातून द्यावे.

‘यात जकात चालेल का?’ हा प्रश्न येणारच. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, गरिबाचा हक्क काढून दुसरीकडे वळवू नये. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, फतवा देणे आमचे काम नाही. आमचे म्हणणे साधे आहे : हा खर्च सदक्याच्या खात्यातही नको, तो घरखर्चात धरा. वर्तमानपत्राचे बिल आपण खैरात समजून देत नाही. लाइटबिल, केबल, मोबाईलचा रिचार्ज तसाच हा. ज्या रिचार्जवर अफवा येते, त्याच्या शेजारी तहकीकचेही पन्नास रुपये असावेत.

एकरकमी मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा थोडे देणे जास्त उपयोगी पडते. काही गाजले की देणग्या धो धो येतात आणि दोन महिन्यांनी आटतात. पगार मात्र बारा महिने द्यावा लागतो. दोन हजार घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर एक लाख रुपये होतात. एवढ्यात फक्त मराठीत काम करणाऱ्या दोन-तीन तरुण पत्रकारांचा पगार निघतो. मराठी मुस्लिम घरांची संख्या लाखांत आहे. हिशेब तुम्हीच करा.

देण्याआधी काय पाहावे

कोणीही उठून स्वतःला फॅक्ट-चेकर म्हणवू शकतो. काही जण तर एखाद्या पक्षाचा प्रचार याच नावाखाली करतात. त्यामुळे पैसे देण्याआधी थोडी तहकीक त्यांचीही करावी. फॅक्ट-चेक करणाऱ्यांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे आहे, आयएफसीएन नावाचे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पॉइंटर इन्स्टिट्यूटमध्ये ते सुरू झाले. त्याची पाच तत्त्वे आहेत आणि ती पाळतो की नाही याची वेळोवेळी तपासणी होते. आपल्या भाषेत ती पाच प्रश्नांत बसतात.

एक, ही संस्था सगळ्या बाजूंची विधाने तपासते का, की एकाच पक्षाच्या मागे लागलेली असते? दोन, पुरावा कुठून घेतला हे वाचकाला दाखवते का, म्हणजे आपण स्वतः पडताळू शकू? तीन, पैसा कुठून येतो हे जाहीर करते का? ज्याच्याकडून एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के किंवा जास्त रक्कम येते, त्याचे नाव सांगावे लागते. चार, तपासणीची पद्धत लिहून ठेवली आहे का? पाच, स्वतःची चूक झाली तर ती उघडपणे दुरुस्त करते का?

पाचवा प्रश्न आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. चूक सगळ्यांची होते. जो ती मागच्या दाराने पुसून टाकतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये, जो दर्शनी दुरुस्ती छापतो त्याच्यावर ठेवावा. संस्थेच्या वेबसाइटवर या गोष्टी सापडल्या नाहीत तर सरळ ईमेल करून विचारा. देणगीदाराला विचारायचा हक्क आहे. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच समजा.

आपल्या विरुद्ध निघाले तर?

शेवटी एक अवघड गोष्ट. आपण पैसे देऊ तेव्हा मनात असेल की हे लोक आपल्यावरचे खोटे आरोप खोडून काढतील. काढतीलही. पण प्रामाणिक संस्था आपल्या ग्रुपवरचे खोटेही तितक्याच ठामपणे खोटे ठरवेल. तेव्हा आपण काय करणार?

चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगने तिथे अजान ऐकली आणि त्याने इस्लाम कबूल केला, ही गोष्ट आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी ऐकली असेल. ती खरी नाही. ही अफवा इतकी पसरली की १९८३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या दूतावासांना कळवावे लागले की असे काही झालेले नाही. दीनला अशा गोष्टींच्या टेकूची गरज नाही. उलट मुलगा मोठा होऊन ती खोटी असल्याचे वाचतो, तेव्हा घरात ऐकलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास हलतो.

ती अफवा निरुपद्रवी होती असे म्हणू. पोलिओची नव्हती. थेंब पाजले की मुले पुढे निपुत्रिक होतील, ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत वर्षानुवर्षे फिरली. दारात आलेल्या आरोग्यसेविकेला परत पाठवले गेले आणि त्याची किंमत आपल्याच लेकरांच्या पायांनी मोजली. आलिम पुढे आले, मशिदीतून आवाहने झाली, डॉक्टर घरोघर गेले, तेव्हा कुठे भीती ओसरली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हाही सर्वात जास्त झळ लस न घेतलेल्या मुलांनाच लागली. अशा वेळी जो आपल्याला तोंडावर सांगतो की तुमच्या ग्रुपवरचा हा मेसेज खोटा आहे, तो आपला दुश्मन नसतो.

म्हणून पन्नास रुपये देताना एवढे मनाशी ठरवून द्या की हे आपल्या बाजूचा वकील नेमण्याचे पैसे नाहीत. वकिलाला आपण आपली बाजू मांडायला पैसे देतो. इथे आपण तराजू दुरुस्त ठेवायला पैसे देतो आहोत, आणि तराजूत आपलाही माल तोलला जाईल.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांच्याकडेही काम आहे. बहुतेक फॅक्ट-चेक संस्थांचा एक व्हॉट्सॲप नंबर असतो. संशयास्पद व्हिडिओ आला की पुढे पाठवण्याऐवजी त्या नंबरवर पाठवा. व्हॉट्सॲपवर काय फिरते आहे हे त्यांना तुमच्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. अम्मीच्या, खालाच्या मोबाईलमध्ये तो नंबर सेव्ह करून द्या आणि कसा पाठवायचा ते एकदा हाताला धरून शिकवा. मोहल्ल्यात एखादी मुलगी पत्रकारिता शिकत असेल तर तिला ‘यात काय कमाई’ म्हणून परावृत्त करू नका. मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही वाचणारी मुलगी या कामात फार मोलाची ठरते.

येत्या महिन्यात घरखर्चाची वही लिहायला बसाल तेव्हा एक ओळ वाढवा : तहकीक, ५० रुपये. कोणत्या संस्थेला द्यायचे ते घरातल्या सगळ्यांनी मिळून, वरचे पाच प्रश्न विचारून ठरवा. मुलांनाही त्या चर्चेत बसवा. खरे शोधायला मेहनत लागते आणि मेहनतीचा मोबदला द्यायचा असतो, हे त्यांना घरातच कळू द्या.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना खोट्या खबरींपासून आणि त्यांच्या नुकसानीपासून सलामत ठेवो. आमीन.